ईमेल पाठवला, उत्तर नाही : कार्यालयीन लेखनाविषयी वाचकांचे प्रश्न

कार्यालयातील लेखनाविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ईमेलविषयी आणि काही अहवालांविषयी होती. एक-दोन पत्रांत मात्र लेखनापेक्षा वरिष्ठांविषयीची तक्रारच अधिक होती आणि तीही समजण्यासारखी आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे व त्यांच्या संस्थांचे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी एका उत्पादन कंपनीच्या देखभाल विभागात अभियंता आहे. मी पाठवलेल्या ईमेलना उत्तरेच येत नाहीत. शेवटी फोन करावा लागतो आणि फोनवर समोरचा म्हणतो, "हो, तुमचा मेल पाहिला होता, पण तुम्हाला नेमके काय हवे होते?" माझे व्याकरण बरे आहे, भाषाही नम्र असते. नमुन्यादाखल एक ईमेल सोबत जोडत आहे. काय चुकते, ते कृपया सांगावे.

उत्तर : तुमचा ईमेल इतरांनाही उपयोगी पडावा म्हणून, थोडे तपशील बदलून, येथे देत आहोत.

"विषय : पंपासंदर्भात. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या विभागातील पंप क्र. २ मध्ये गेल्या काही दिवसांपासून कंपनाचे प्रमाण वाढल्याचे निदर्शनास आले आहे. याबाबत आमच्या विभागाने पाहणी केली असता बेअरिंगची झीज झाल्याचे दिसून आले. सदर बेअरिंग भांडारात उपलब्ध आहे. तथापि ते बदलण्यासाठी पंप काही काळ बंद ठेवणे आवश्यक राहील. उत्पादनाचे वेळापत्रक लक्षात घेता आपल्या सोयीनुसार योग्य तो निर्णय व्हावा, ही विनंती. सहकार्याबद्दल धन्यवाद."

यातले एकही वाक्य अशुद्ध नाही. आता हाच मजकूर उत्पादन विभागाच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसून वाचा. पंपाचे नेमके काय झाले, हे विषयाच्या ओळीवरून त्याला कळत नाही, म्हणून तो ईमेल उघडण्याची घाई करत नाही. उघडल्यावर पहिली चार वाक्ये तुमच्या विभागाने काय पाहिले ते सांगतात. त्याच्याकडून काय हवे आहे, ते शेवटाकडे येते आणि तेथेही हाती लागतो तो "योग्य तो निर्णय". पंप किती तास बंद ठेवायचा, कोणत्या दिवशी, आणि ठेवला नाही तर काय होईल, हे तीन प्रश्न त्याला पडणारच. त्यांतल्या एकाचेही उत्तर मजकुरात नसल्यामुळे निर्णय घेण्याआधी त्यालाच चौकशी करावी लागते. हातातली कामे सोडून ती चौकशी करण्याइतकी निकड त्याला वाटत नाही आणि ईमेल खाली सरकत जातो.

तोच ईमेल असा लिहिता आला असता :

"विषय : पंप क्र. २ चे बेअरिंग बदलण्यासाठी चार तास बंद हवा. वेळ गुरुवारपर्यंत कळवावी. नमस्कार, पंप क्र. २ चे बेअरिंग झिजले आहे आणि ते बदलण्यासाठी पंप सलग चार तास बंद ठेवावा लागेल. शनिवारी सकाळी ८ ते १२ किंवा रविवारी दुपारी २ ते ६ यांपैकी कोणती वेळ सोयीची आहे, ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवावे. बेअरिंग भांडारात आहे आणि माणसांचीही व्यवस्था केली आहे. काम पुढच्या आठवड्यावर गेल्यास पंप मध्येच बंद पडण्याचा धोका आहे. तसे झाल्यास दुरुस्तीला दोन दिवस लागू शकतात. कंपनाच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत."

लांबी फारशी बदललेली नाही. नम्रताही कमी झालेली नाही. उलट समोरच्याचे चौकशीचे काम आपण आधीच करून ठेवले, हीच खरी अदब आहे. पण दुसरा मजकूर लिहिण्यापूर्वी कामाला किती तास लागतील याचा अंदाज घ्यावा लागला, दोन सोयीच्या वेळा शोधाव्या लागल्या आणि माणसांची जुळवाजुळव करावी लागली, याकडे लक्ष द्या. पहिला ईमेल संदिग्ध होता तो शब्दांमुळे नव्हे. लिहिणाऱ्याने नेमके काय मागायचे ते ठरवलेलेच नव्हते. कार्यालयीन लेखनातील बहुतेक दोषांचे मूळ आम्हाला येथेच दिसते. त्यामुळे कळफलकावर हात ठेवण्यापूर्वी एका ओळीत स्वतःलाच सांगा : हे वाचून कोणी, काय, केव्हापर्यंत करायचे आहे? ही ओळ जमली नाही, तर तुमचा ईमेल अजून लिहिण्याजोगा झालेला नाही. जमली, तर तीच पहिले वाक्य म्हणून वापरा.

आणखी एक गोष्ट. तुम्ही हा ईमेल तीन विभागप्रमुखांना एकत्र पाठवला होता आणि तिघांचीही नावे 'प्रति'च्या रकान्यात होती. अशा वेळी उत्तर दुसरा कोणी तरी देईल, असे प्रत्येकाला वाटते. ज्याच्याकडून कृती हवी त्याचे एकट्याचे नाव 'प्रति'मध्ये घालावे, ज्यांना केवळ माहिती असावी त्यांना 'सीसी'त ठेवावे आणि ज्यांना माहितीचीही गरज नाही त्यांना वगळावे. दोघांकडून दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतील, तर दोन वेगळे ईमेल लिहिणे अधिक फलदायी ठरते.

थोडक्यात लिहिण्याची तक्रार नवी नाही. ९ ऑगस्ट १९४० रोजी, ब्रिटनवरील हवाई युद्ध ऐन भरात असताना, पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या युद्धकालीन मंत्रिमंडळातील सहकाऱ्यांना केवळ याच विषयावर एक टिपण पाठवले होते. कामासाठी ढीगभर कागद वाचावे लागतात आणि त्यांतले बहुतेक फार लांबलेले असतात, असे सांगून त्यांनी मुख्य मुद्दे छोट्या परिच्छेदांत मांडावेत, तपशील आणि आकडेवारी परिशिष्टात घालावी आणि गाळता येण्याजोगी पोकळ शब्दयोजना टाळावी, असे सुचवले. ते टिपण स्वतः एका पानात मावणारे होते, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : मी एका सल्लागार संस्थेत विश्लेषक म्हणून काम करते. महिनाभर खपून २२ पानांचा अहवाल तयार केला, पण बैठकीत साहेबांनी तो दोन मिनिटे चाळला आणि "मुद्द्याचे काय ते सांगा" म्हणाले. अहवालाच्या शेवटी निष्कर्षांचे स्वतंत्र प्रकरण होते. ते त्यांनी पाहिलेच नाही. अहवाल कितीही काळजीपूर्वक लिहिला तरी वाचणारे असेच असतील, तर काय करावे?

उत्तर : वाचणारे असेच असतात, हे गृहीत धरूनच लिहावे. पार्श्वभूमी, उद्दिष्टे, पद्धती, निरीक्षणे आणि शेवटी निष्कर्ष, हा क्रम आपण शाळा-महाविद्यालयात शिकतो. तेथे तो योग्यही असतो, कारण परीक्षकाला आपण उत्तरापर्यंत कसे पोहोचलो ते तपासायचे असते आणि शेवटपर्यंत वाचणे हे त्याचे कामच असते. तुमच्या साहेबांना मात्र निर्णय घ्यायचा आहे. त्यांना उत्तर आधी हवे असते आणि ते पटले नाही किंवा पुरेसे वाटले नाही, तरच ते मागची पाने उलटतात. तेव्हा निष्कर्षाचे प्रकरण उचलून पहिल्या पानावर आणा. त्या पानावर काय आढळले, त्याचा अर्थ काय, तुमची शिफारस कोणती आणि ती मानली नाही तर काय संभवते, एवढेच असावे. उरलेली २१ पाने पुरावा म्हणून राहू द्या. त्यांची मेहनत वाया जात नाही.

हे सारांशाचे पान सर्वांत शेवटी लिहावे आणि अहवाल मिटवून लिहावे. अहवाल समोर उघडा असला की आपण त्यातलीच वाक्ये उचलतो आणि सारांश म्हणजे प्रकरणांची अनुक्रमणिका होऊन बसते : "दुसऱ्या प्रकरणात ग्राहकांच्या प्रतिसादाचे विश्लेषण केले आहे." विश्लेषण केले आहे हे वाचकाला ठाऊकच आहे, त्यातून काय निघाले, ते त्याला हवे असते. शीर्षकांचेही तसेच. "ग्राहक प्रतिसाद" या शीर्षकातून काहीच हाती लागत नाही. "निम्म्या तक्रारी एकाच शाखेच्या आहेत" असे शीर्षक दिले, तर नुसती शीर्षके चाळणाऱ्यालाही अहवालाचा गाभा कळतो.

महत्त्वाची गोष्ट मजकुराच्या तळाशी गेली तर काय होऊ शकते, याचे एक गंभीर उदाहरण कोलंबिया या अंतराळयानाच्या दुर्घटनेच्या चौकशीत सापडते. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी बाह्य इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी या आघाताचे विश्लेषण करून ते स्लाइडच्या रूपात नासाच्या अधिकाऱ्यांपुढे मांडले. त्यांतल्या एका स्लाइडच्या शीर्षकावरून वाचणाऱ्याला दिलासा मिळत होता. पूर्वीच्या चाचण्यांतले तुकडे केवळ ३ घन इंचांचे होते आणि प्रत्यक्ष आदळलेला तुकडा सुमारे १,९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा असावा, ही माहिती त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात होती. आधीच्या चाचण्यांवरून या आघाताविषयी फारसे काही सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ होता. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. दुर्घटनेची कारणे तांत्रिक आणि संघटनात्मक अशी अनेक होती. एका स्लाइडवर सारा भार टाकणे अन्यायाचे होईल. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या आपल्या अहवालात या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली आणि अशा सादरीकरणामुळे जिवावरचा धोका वरिष्ठांच्या लक्षात न येणे कसे शक्य आहे, ते दाखवले.

तुमच्या अहवालातही एखादा "पण" असेल. आकडे दोनच महिन्यांचे असतील, एका शाखेची माहिती मिळाली नसेल, नमुना लहान असेल. तो "पण" परिशिष्टात न ढकलता पहिल्याच पानावर, शिफारशीच्या शेजारी ठेवा. त्यामुळे अहवालाचे वजन कमी होईल, अशी भीती अनेकांना वाटते. प्रत्यक्षात अनुभवी वरिष्ठ आधी तोच शोधतात आणि तो त्यांना स्वतःहून सापडला, तर मात्र अहवालाची पत घसरते.

आकड्यांविषयी एकच सूचना करतो : एकटा आकडा कधी लिहू नये. "तक्रारी १८ टक्क्यांनी वाढल्या" म्हटले, की कशाच्या तुलनेत, किती काळात आणि मुळात किती होत्या, हे त्याच वाक्यात यावे. ११ च्या १३ झाल्या, तरी वाढ १८ टक्केच भरते.

प्रश्न : आमच्या कार्यालयात "करण्यात यावे", "करण्यात आले आहे", "कार्यवाही प्रस्तावित आहे" अशीच भाषा चालते. मी साधे लिहिले, तर ते घरगुती वाटते, असे सहकारी म्हणतात. औपचारिक लिहायचे म्हणजे असेच लिहायचे का?

उत्तर : नाही. औपचारिकपणा आदरात, नेमकेपणात आणि संयमात असतो. वाक्यातला कर्ता नाहीसा करण्यात नसतो. कर्ता नाहीसा होण्याचा व्यवहारात काय परिणाम होतो, ते बैठकीच्या इतिवृत्तात चांगले दिसते. "जुन्या ग्राहकांच्या यादीबाबत सविस्तर चर्चा झाली. यादी अद्ययावत करण्याच्या दृष्टीने आवश्यक ती कार्यवाही करण्याचे ठरले." महिन्याने पुढची बैठक भरते, हे वाक्य वाचले जाते, सगळे एकमेकांकडे पाहतात आणि पुन्हा "आवश्यक ती कार्यवाही" ठरते. "विक्री विभाग जुन्या ग्राहकांची यादी तपासून १५ तारखेपर्यंत लेखा विभागाला देईल" या वाक्यात घरगुती असे काहीच नाही, पण त्यातून कोणालाही निसटता येत नाही. खरे सांगायचे तर काही ठिकाणी जुनी भाषा टिकून राहण्याचे कारणही तेच आहे.

कर्मणी वाक्ये मुळीच वापरू नयेत, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कोणी केले हे ठाऊक नसते किंवा त्याला महत्त्व नसते, तेव्हा "नमुने २४ तास थंड जागी ठेवण्यात आले" हेच वाक्य योग्य असते. चौकशी पूर्ण होण्यापूर्वी कोणाच्या माथी दोष मारायचा नसेल, तर "नोंद चुकीची झाली आहे" असे लिहिणे सभ्यपणाचेच आहे.

साध्या भाषेचा आग्रह हा आता केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहिलेला नाही. अमेरिकेने ऑक्टोबर २०१० मध्ये कायदा करून तेथील संघीय सरकारी खात्यांना जनतेसाठीचे कागद सुबोध लिहिणे बंधनकारक केले. २०२३ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने सोप्या भाषेविषयीचे मानक प्रसिद्ध केले. वाचकाला हवे ते सापडावे, सापडलेले समजावे आणि समजलेले वापरता यावे, ही त्यातील कसोटी आहे. सहकाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा तुमचे पुढचे इतिवृत्त या कसोटीवर लिहून दाखवा.

प्रश्न : नुकतीच माझी टीम लीडर म्हणून नेमणूक झाली आहे. एका सहकाऱ्याचा अहवाल वारंवार उशिरा येतो, म्हणून मी त्याला ईमेल लिहिला आणि आमच्या विभागप्रमुखांना सीसीत ठेवले. तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. माझ्या ईमेलमधील प्रत्येक शब्द खरा होता. मग चूक कोठे झाली?

उत्तर : शब्दांपेक्षा सीसी अधिक लागली असावी. वरिष्ठांना प्रत पाठवताच तो ईमेल सहकाऱ्यासाठी राहत नाही; तो त्याच्याविरुद्धचा कागद होतो आणि तो तसाच वाचला जातो. पहिली कानउघाडणी समोरासमोर किंवा फोनवर करावी. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो आणि वाचणारा त्यात आपल्या मनातला, बहुधा सर्वांत कठोर, आवाज घालतो. बोलणे झाल्यावर जे ठरले ते दोन ओळींत त्याला एकट्याला लिहून पाठवावे. ते पाळले गेले नाही, तर पुढचे लेखी पाऊल उचलता येते आणि तेव्हा वरिष्ठांना प्रत देण्यालाही आधार असतो.

लिहिण्याची वेळ येईल तेव्हा स्वभावाविषयी न लिहिता घटनेविषयी लिहावे. "तुम्ही नेहमीच उशीर करता आणि गांभीर्याने घेत नाही" या वाक्याचा प्रतिवाद सहज करता येतो, कारण "नेहमीच" हे कधीच खरे नसते. "मार्च आणि एप्रिल या दोन्ही महिन्यांचे अहवाल ५ तारखेऐवजी ९ तारखेला आले, त्यामुळे लेखा विभागाला दोन्ही वेळा बिले अडवून ठेवावी लागली. मे महिन्याचा अहवाल ५ तारखेला हवा आहे. त्यात काही अडचण असेल, तर २ तारखेपर्यंत सांगावे" या वाक्यांवर वाद घालण्यासारखे फार काही उरत नाही आणि समोरच्याला मान न गमावता सुधारण्याची वाटही राहते. राग आलेला असताना लिहायचेच असेल, तर 'प्रति'चा रकाना रिकामा ठेवून लिहा आणि पत्ता दुसऱ्या दिवशी घाला.

प्रश्न : स्पेलिंग, ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे यांना कामाच्या ठिकाणी खरेच इतके महत्त्व आहे का? अर्थ कळल्याशी कारण.

उत्तर : सगळ्या चुका सारख्या नसतात. माणसांची नावे, रकमा, तारखा, क्रमांक आणि "नाही" हा शब्द गळला आहे का, हे आधी तपासावे; वेलांटी नंतर. घाईत वेळ थोडा असेल, तर तो याच क्रमाने खर्च करावा. मात्र अर्थ नेहमी कळतोच, असे समजू नका. अमेरिकेतील मेन राज्यात ओखर्स्ट डेअरी या कंपनीच्या ट्रकचालकांनी जादा कामाच्या मोबदल्यासाठी दावा लावला होता. ज्या कामांना असा मोबदला लागू नाही त्यांची यादी राज्याच्या कायद्यात होती आणि तिच्या शेवटी "पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग" अशा अर्थाचे शब्द होते. "किंवा"च्या आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे वितरण हे यादीतले स्वतंत्र काम आहे, की वितरणासाठी केलेले पॅकिंग एवढेच यादीत आहे, असा प्रश्न निर्माण झाला. चालक वितरण करत होते, पॅकिंग करत नव्हते. मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयाने या संदिग्धतेचा फायदा चालकांना दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. तुमच्या ईमेलवर कोणी दावा लावणार नाही, हे खरे; पण करार, दरपत्रक आणि सेवाशर्ती यांत हात घालत असाल, तर स्वल्पविरामाकडे दुर्लक्ष करण्याची चैन परवडणारी नाही.

प्रश्न : हल्ली मी सगळे ईमेल आणि अहवाल एआयकडून लिहून घेतो. भाषा सफाईदार होते आणि वेळही वाचतो. तरी वरिष्ठ म्हणतात, "यात तुम्ही कुठे आहात?" आता साधनेच उपलब्ध आहेत, तर लेखन शिकण्याची गरज काय?

उत्तर : भाषा घासूनपुसून घेण्यासाठी, विशेषतः आपल्याला सवय नसलेल्या भाषेत लिहिताना, ही साधने उपयोगी आहेत आणि ती वापरण्यात कमीपणा नाही. पण वर पंपाच्या ईमेलविषयी लिहिले, ते पुन्हा पाहा. चार तास, शनिवार की रविवार, भांडारातले बेअरिंग, ही माहिती साधनाकडे नसते. ती न देता ईमेल मागितला, तर मिळते ते पहिल्या ईमेलचेच अधिक गुळगुळीत रूप. त्यात संदिग्धता तशीच राहते, उलट ती सफाईदार भाषेखाली झाकली जाते. शिवाय तीन वाक्यांचे काम दहा वाक्यांत करण्याकडे या साधनांचा कल असतो. तुम्ही तीन मुद्द्यांचा विस्तार करून घेता, समोरचा तो विस्तार पुन्हा एआयकडे देऊन तीन मुद्दे काढून घेतो, आणि दोघांनाही वेळ वाचल्यासारखे वाटते!

आमचा सल्ला असा : काय हवे, कोणाकडून, केव्हापर्यंत आणि का, हे आधी स्वतःच्या मोडक्यातोडक्या शब्दांत लिहा आणि मग भाषा सुधारून घ्या, लांबी वाढवू नये, असे त्याला स्पष्ट सांगा. परत आलेला मजकूर ओळ न ओळ तपासा, कारण नसलेली माहिती आत्मविश्वासाने लिहिणे हा या साधनांचा ठाऊक असलेला दोष आहे. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीने दिलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले न्यायनिवाडे सादर केल्याबद्दल न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने जून २०२३ मध्ये संबंधित वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला होता. स्वाक्षरी त्यांची होती, म्हणून जबाबदारीही त्यांचीच ठरली. ग्राहकांची माहिती, पगाराचे तपशील, अप्रसिद्ध आकडे असे काही त्यात घालण्यापूर्वी तुमच्या संस्थेचा नियम काय आहे, तेही विचारून घ्या.

प्रश्न : नोकरीला बरीच वर्षे झाली. आता या वयात लेखन सुधारता येईल का? वर्गाला जाण्याइतका वेळ नाही. शिवाय माझा प्रत्येक मसुदा साहेब लाल शाईने रंगवून परत देतात, त्यामुळे लिहिण्याची इच्छाच राहत नाही.

उत्तर : वर्गाची आवश्यकता नाही, सरावाचे साहित्य तुमच्या टेबलावर रोज येतेच आहे. तुम्ही पाठवलेल्या एखाद्या ईमेलवर कोणी उलट प्रश्न विचारला, की तो टिपून ठेवा. "केव्हापर्यंत?", "कोणती फाइल?", "हे मी करायचे आहे का?" असा प्रत्येक प्रश्न म्हणजे तुमच्या मजकुरात गाळलेली एक जागा असते. असे प्रश्न काही आठवडे साठवले, तर त्यांत दोन-तीन प्रकारचेच प्रश्न पुनःपुन्हा येत असल्याचे दिसेल आणि मग पाठवण्यापूर्वी नेमके काय तपासायचे, ते तुमचे तुम्हालाच कळेल. महत्त्वाचा मजकूर असेल, तर तो पुटपुटत का होईना, मोठ्याने वाचा. जेथे दम लागतो तेथे वाक्य तोडा. कार्यालयात ज्याचे ईमेल वाचून तुम्हाला लगेच काम करता येते, असा एखादा सहकारी असेलच. त्याचे ईमेल जपून ठेवा आणि तो पहिल्या दोन ओळींत काय सांगतो, एवढेच पाहत जा.

लाल शाईविषयी. साहेबांनी दुरुस्त केलेले मागचे काही मसुदे काढा आणि त्यांतल्या दुरुस्त्या तीन गटांत विभागा : माहिती चुकीची किंवा अपुरी होती, क्रम बदलला, आणि केवळ शब्दांची आवड. पहिल्या गटात दुरुस्त्या जास्त असतील, तर प्रश्न लेखनाचा नाही. लिहिण्याआधी माहिती गोळा करण्यात कसर राहते आहे. दुसऱ्या गटात जास्त असतील, तर तुम्हाला जे महत्त्वाचे वाटते आणि साहेबांना जे वाटते, त्यांत अंतर आहे. ते मसुदा लिहून भरून निघत नाही. लिहिण्यापूर्वी पाच मिनिटे भेटून "यात तुम्हाला सर्वांत वर काय हवे आहे?" असे विचारल्यास निम्मी लाल शाई वाचेल. तिसऱ्या गटातील दुरुस्त्या त्यांच्या सहीने जाणाऱ्या कागदावर मुकाट्याने स्वीकाराव्यात आणि तुमच्या सहीने जाणाऱ्या कागदावर तुमचे शब्द राहू द्यावेत. तीन गटांचे निकाल हाती आल्यावर, वाटल्यास, आम्हाला पुन्हा लिहा. मसुद्यातले एखादे पान सोबत असेल, तर नावे खोडून पाठवा.